जुन्या अलॉय व्हीलची चमक परत आणायची तर आधी वरचा थर ओळखा

कराडच्या एका गाडीमालकांनी विचारलंय. 2009 ची सेदान आहे, सेकंडहँड घेतलेली, अलॉय व्हील्स कंपनीचीच. चाकांचा पुढचा भाग एकेकाळी चकचकीत होता आणि खाचांमध्ये राखाडी रंग होता. आता चकचकीत भाग पिवळट पडलाय, त्याच्या आत पांढऱ्या दोऱ्यांसारख्या रेषा पसरल्यात, कडेला फुटपाथला घासल्याचे ओरखडे आहेत. वॉशिंग सेंटरवाल्याने एका चाकावर ‘ॲसिड’ मारलं, तर ते उजळायच्या ऐवजी काळपट झालं. त्यांना हवंय ते असं: कोणतं पॉलिश घेऊ म्हणजे पहिल्यासारखी चमक येईल, हे घरी जमेल का, की सरळ क्रोम स्प्रे मारून घेऊ?

मी सांगली-मिरज भागात गाड्यांचं रंगकाम करतो आणि त्यात चाकांचं काम बरंच येतं. तुमच्यासारखी चाकं घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण पॉलिशचं नाव विचारतो. पण पॉलिशचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही. कारण जे खराब झालंय तिथपर्यंत पॉलिश पोचतच नाही.

बघा, तुमच्या चाकाचा चकचकीत भाग म्हणजे लेथवर हिऱ्याच्या टूलने कापलेलं ॲल्युमिनियम. त्याला डायमंड कट म्हणतात. त्यावर कंपनीने पारदर्शक लॅकर मारलेलं असतं, ज्याला आपण क्लिअर म्हणतो. इतकी वर्षं तुम्ही पाहत होता ती चमक या क्लिअरच्या काचेतून दिसणारी होती. खडी उडून, फुटपाथ लागून, किंवा बॅलन्सिंगचं वजन ठोकताना क्लिअरला एक बारीक टवका उडतो. तिथून पाणी आणि मीठ आत शिरतं. मग धातू आणि क्लिअर यांच्या मधल्या फटीत गंज सरकायला लागतो. ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, पांढरी भुकटी असते. तो एका टोकाने पुढे सरकत जातो, म्हणून दोऱ्यासारखा दिसतो. तुम्ही वरून कितीही पॉलिश घासा, ते क्लिअरच्या वर राहतं आणि गंज क्लिअरच्या खाली. पिवळेपणाचंही तसंच: क्लिअर स्वतः उन्हाने पिवळं पडलंय, धातू नाही.

म्हणून खरा प्रश्न असा आहे की वर कोणता थर शिल्लक आहे, तो किती सुटलाय, आणि त्याखालचा धातू किती खोल खाल्ला गेलाय. हे कळलं की पुढचा रस्ता आपोआप ठरतो.

काही गोष्टी मी चाक हातात घेतल्याशिवाय सांगू शकत नाही, त्या आधीच सांगतो. मागच्या मालकाने चाकांना रंग मारलाय का? चाकाला आतून तडा आहे का? आणि तुम्ही गाडी कुठे चालवता? कराडची गाडी म्हणजे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर वर्षातून दोन-चारदा होतच असणार. समुद्रकाठी दोन दिवस उभी राहणारी गाडी आणि कराड-सातारा हायवेवरच फिरणारी गाडी, या दोघींच्या चाकांना एकच उपाय मी सांगणार नाही.

थर ओळखायची सोपी पद्धत सांगतो. चाकाचा एक तळहाताएवढा भाग शाम्पूने धुऊन कोरडा करा. पांढरं सुती फडकं घ्या, त्यावर वाटाण्याएवढं मेटल पॉलिश घ्या (ऑटोसोल किंवा तसलं कुठलंही) आणि एकाच ठिकाणी अर्धा मिनिट घासा. फडकं काळंकुट्ट झालं तर तुम्ही उघड्या धातूवर घासताय. ते काळं म्हणजे घासून निघालेलं ॲल्युमिनियम. फडकं पांढरंच राहिलं किंवा थोडं पिवळट झालं तर वर क्लिअर आहे. फडक्यावर चंदेरी किंवा राखाडी रंग आला तर चाक रंगवलेलं आहे आणि वरचं क्लिअर उडालंय, किंवा कुणी क्लिअर न मारता नुसता स्प्रे मारलाय. एकाच चाकावर हे तीन-चार ठिकाणी करा: स्पोकवर, कडेला, मधल्या कॅपच्या जवळ. तुमच्या चाकांवर बहुतेक स्पोकच्या मध्यावर फडकं पांढरं राहील आणि कडेला काळं होईल. म्हणजे क्लिअर अर्धं आहे, अर्धं नाही. मधली कॅप काढून तिच्या खालचा भागही बघा. तिथे ऊन लागत नाही, त्यामुळे मूळ रंग कसा होता ते तिथेच समजतं.

क्रोमचा मुलामा असलेली चाकं वेगळी. त्यांचा थर सुटला तर पापुद्र्यासारखा उचलतो आणि त्याची धार बोट कापते. तसं काही दिसलं तर घरी हात लावू नका. तुमच्या वर्णनावरून ते नाही.

आता त्या ॲसिडवाल्या चाकाबद्दल. हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त चाकं इथेच खराब होतात.

ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने स्वतःहून एक अतिशय पातळ ऑक्साइडचा थर तयार होतो. तोच त्याचं कवच. हे कवच साधारण सौम्य पाण्यात टिकतं, म्हणजे पीएच 4 ते 9 च्या आसपास. त्यापेक्षा आंबट झालं तरी ते विरघळतं आणि त्याउलट अल्कली, म्हणजे सोड्याच्या पाण्यासारखं झालं तरी विरघळतं. लोखंडाला अल्कलीने फारसं काही होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की ॲसिड वाईट आणि सोडा चांगला. ॲल्युमिनियमला दोन्ही वाईट. घरातला कुकर आतून काळा पडतो तो बोअरच्या जड पाण्याने, म्हणजे अल्कलीनेच. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमवर पडताच फसफसतो, त्यातून हायड्रोजन निघतो आणि धातू अक्षरशः विरघळतो. ड्रेन मोकळं करायची पावडर, ओव्हन क्लीनर, इंजिन धुवायचे काही स्वस्त डिग्रीझर, सगळ्यांत तो असू शकतो.

चाक काळपट का झालं? चाकाचा धातू शुद्ध ॲल्युमिनियम नसतो. बहुतेक ओतीव चाकं ए356 नावाच्या मिश्रधातूची असतात आणि त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन असतं. रसायनाने वरचं ॲल्युमिनियम खाल्लं की सिलिकॉन तसंच मागे उरतं आणि पृष्ठभागावर राखाडी-काळी पूड बसते. ती फडक्याने पूर्ण निघत नाही, घासावीच लागते. बरी गोष्ट अशी की वेळेत धुतलं असेल तर हे नुकसान वरवरचं असतं. ते चाक वाया गेलेलं नाही, फक्त इतर तिघांपेक्षा त्याला पेपर (सँडपेपर) जास्त मारावा लागेल.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. चाकं झटक्यात पांढरी करणाऱ्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात. हे कातडीवर पडलं तर लगेच आग होत नाही, तासांनी होते, तोवर ते आत हाडापर्यंत पोचायला लागलेलं असतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट हे औषध लागतं, म्हणून लगेच दवाखाना गाठावा लागतो. वॉशिंग सेंटरवाल्या पोराला विचारा की कॅनवर काय लिहिलंय. लेबल नसलेल्या कॅनमधलं काहीही चाकावर मारू देऊ नका. त्याच्या हातासाठीही आणि तुमच्या चाकासाठीही. पितांबरी, लिंबू, चिंच ही तांब्या-पितळेची मंडळी. त्यातल्या आंबटपणाने डाग क्षणभर उजळतो आणि आठवड्यात परत येतो. शिवाय पावडरचे बारीक ओरखडे क्लिअरवर कायमचे राहतात.

मग धुवायचं कसं? गाडी सावलीत लावा, चाकं हाताला गार लागेपर्यंत थांबा. गरम चाकावर कुठलंही रसायन वाळून डाग धरतं. आधी नुसत्या पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने माती काढा. आपल्याकडे ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर पडलेली काळी माती चाकाच्या आतल्या बाजूला इंचभर बसलेली असते, ती ओली करून फुगू द्या. मग कार शाम्पू आणि मऊ ब्रश. त्यानंतर आयर्न रिमूव्हर मारा. ब्रेक डिस्क आणि पॅड झिजून जे लोखंडाचे कण उडतात ते तापलेले असताना क्लिअरमध्ये रुततात. ते शाम्पूने जात नाहीत. आयर्न रिमूव्हर त्या कणांना लागला की जांभळा होऊन ओघळतो, वास कुजका येतो, पण तो जवळपास न्यूट्रल असतो म्हणून धातूला खात नाही. दोन-तीन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. डांबराचे ठिपके टर्पेंटाइन लावलेल्या फडक्याने पुसा. लोखंडी तारेची घासणी किंवा स्टील वूल बिलकूल नको. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये अडकतात आणि नंतर स्वतः गंजून तांबडे ठिपके पाडतात.

एवढं केल्यावर थांबा आणि चाक उन्हात नेऊन बघा. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच अर्धं संपतं. जे गंज वाटत होतं ते ब्रेकची धूळ निघते. उरलेलं क्लिअर शाबूत असेल तर गाडीच्या रंगाला लावतो तेच बारीक कंपाउंड आणि वर वॅक्स, बस. मेटल पॉलिश त्यावर लावू नका. ते धातूसाठी असतं आणि क्लिअरवर धूसरपणा आणू शकतं.

तुमच्या चाकांवर दोरे पडलेत, म्हणजे एवढ्यावर भागणार नाही. पण रंगाकडे वळण्याआधी चाक आतून तपासायलाच हवं. चाक गाडीवरून काढा, मागची बाजू धुवा आणि टॉर्च तिरकी धरून दोन जागा बघा: स्पोक जिथे बाहेरच्या कड्याला मिळतात ती जागा, आणि आतली कड, जिथे खड्ड्याचा मार बसतो. केसासारखी रेघ दिसली आणि ती रंगातली की धातूतली असा संशय आला, तर डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट करून घ्या. स्वच्छ केलेल्या भागावर लाल द्रव लावतात, थोडा वेळ मुरू देतात, पुसतात आणि वर पांढरा डेव्हलपर मारतात. तडा असेल तर त्यातून लाल रेघ वर येते. कोल्हापूरच्या फाउंड्रीपट्ट्यात, शिरोली-गोकुळ शिरगावला, हे रोजचं काम आहे. तीन स्प्रेचे डबे मिळतात, वर्कशॉपमध्येही करता येतं.

स्पोकला तडा असेल तर त्या चाकावर रंगाचा एक रुपयाही खर्च करू नका. ‘आर्गॉन वेल्डिंग करून देतो’ म्हणणारे भेटतील. चाक ओतल्यावर कंपनी ते साधारण 540 अंशांवर तापवून पाण्यात विझवते आणि मग दीडशे-एकशेसाठ अंशांवर काही तास मुरवते. त्या प्रक्रियेने त्याला ताकद येते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ती ताकद निघून जाते. वरून जोड सुबक दिसतो, आणि चाक त्याच्या शेजारी तुटतं. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकडं चाक सरळ करण्यालाही माझा याच कारणासाठी विरोध आहे.

पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी असेल तर एक जादा तपासणी. 2019 आणि 2021 च्या कृष्णेच्या पुरानंतर आमच्याकडे अशी बरीच चाकं आली. बाहेरून ठीक दिसायची, पण टायर उतरवला की टायर जिथे रिमला टेकतो त्या गादीवर गाळ आणि पांढरा गंज बसलेला. अशा चाकाची हवा दर आठवड्याला थोडी-थोडी उतरते आणि पंक्चर सापडत नाही. तुम्ही गाडी सेकंडहँड घेतलीय, तेव्हा हे बघून घ्या.

आता रस्ते. चाक सुदृढ आहे आणि क्लिअर गेलंय असं धरून चालतो.

पहिला रस्ता म्हणजे परत डायमंड कट. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर चाक फिरवून पुढचा पातळ थर कापतात आणि क्लिअर मारतात. दिसायला हा कंपनीच्या सगळ्यात जवळचा. पण दर वेळी धातू कमी होतो. दोन, फार तर तीन वेळा कापता येतं. वाकडं चाक लेथवर समान कापलं जात नाही, आणि खोल खड्डे कापूनही राहतात. शिवाय क्लिअर गुळगुळीत धातूला कमीच धरतं, त्यामुळे हेच दोरे काही वर्षांनी परत दिसतील. कोकणात जाणाऱ्या गाडीला मी हा सुचवत नाही.

दुसरा रस्ता, सगळं सोलून उघडा धातू आरशासारखा बफ करणे. हे काम मला मनापासून आवडतं. जुन्या बुलेटची इंजिन कव्हरं आणि हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांची चाकं आम्ही अशीच करतो. त्यात मेहनत आहे ती पॉलिशची नाही, पेपरची. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. 320 ने सुरुवात, मग 400, 600, 800, 1000, 1500, सगळे पाण्याबरोबर. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेने मारायचा, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे डोळ्याला कळतं. 400 च्या रेघा राहिल्या असताना 800 वर गेलात तर त्या बफखाली आणखी ठळक दिसतात आणि परत मागे यावं लागतं. 1500 नंतर कापडी बफ आणि बफिंगची वडी, शेवटी हाताने मेटल पॉलिश. बफचं चाक फिरत असताना हातमोज्याचं टोक किंवा सैल बाही त्यात सापडली तर बोट जातं, म्हणून बाह्या वर करून, चष्मा लावून, आणि ॲल्युमिनियमची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावूनच काम करा. उघडा धातू टिकवायचा तर दर महिन्या-दीड महिन्याने पॉलिश आणि वॅक्स हवं, पावसाळ्यात त्याहून लवकर. रविवारची सकाळ त्यात घालवायची तुमची हौस असेल तर जरूर करा. रोजच्या गाडीला, ऑफिसला जाणाऱ्या माणसाला, मी नको म्हणतो. ‘बफ करून वर क्लिअर मारतो’ ही मागणीही बऱ्याचदा येते. आरशासारख्या धातूवर क्लिअरला पकड मिळत नाही, एका पावसाळ्यात कडा उचलायला लागतात.

क्रोम स्प्रेबद्दल विचारलंत. डब्यातला क्रोम स्प्रे म्हणजे मुलामा नव्हे, फार बारीक चंदेरी कणांचा मऊ रंग असतो. हात लावला तरी धूसर होतो आणि त्यावर क्लिअर मारलं की चमक उतरून साधा चंदेरी दिसतो. चाकासाठी तो नाही.

तिसरा रस्ता पावडर कोटिंग, आणि तुमच्या गाडीला मी हा किंवा याच्या खालचा सांगेन. कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीत पावडर कोटिंगची युनिट्स आहेत, पण त्यांचं रोजचं काम पॅनल आणि मशीनचे भाग. म्हणून चाकं देताना चार गोष्टी तोंडाने सांगा. जुना रंग भट्टीत जाळून काढू नका. ती भट्टी चारशे अंशांच्या वर जाते आणि चाकाची सगळी ताकद घालवते. रंग केमिकलने किंवा बारीक मीडियाच्या ब्लास्टिंगने (हवेच्या जोराने बारीक कण मारून) काढा, जाड स्टील ग्रिटने, म्हणजे पोलादी कणांनी नाही. कोटिंगआधी चाक एकदा रिकामं तापवून घ्या. ओतीव धातूत बारीक पोकळ्या असतात, त्यातली हवा नंतर निघाली तर कोटिंगवर टाचणीएवढी भोकं पडतात. आणि नट बसतात ते खड्डे व हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी मागची सपाट बाजू झाकून घ्या, तिथे कोटिंग नको. पावडर साधारण 180 ते 200 अंशांवर दहा-वीस मिनिटं भाजतात. एकदा-दोनदा तेवढ्याने काही बिघडत नाही, पण ‘रंग आवडला नाही, परत करा’ असं तीन-चारदा करू नका.

चौथा रस्ता घरी जमण्यासारखा: सोलून, प्रायमर, चंदेरी रंग आणि क्लिअर. डायमंड कटचा दोन रंगांचा देखणेपणा जाईल, चाक एकसारखं चंदेरी किंवा गनमेटल होईल, पण पाच-सहा वर्षं निवांत. हे नीट सांगतो.

टायर उतरवूनच काम करा. टायरवर कागद लावून रंग मारला तर कडेची रेघ, जिथून गंज सुरू होतो, तीच नेमकी राहून जाते. टायरवाल्याला सांगा की जुनी वजनं आणि व्हॉल्व्ह काढ, नवा व्हॉल्व्ह नंतर बसवू. क्लिअर काढायला पेंट रिमूव्हर वापरता येतो, पण मोकळ्या हवेत, रबरी हातमोजे घालून. त्याचा वास बंद खोलीत घेऊ नका. रिमूव्हरनंतर पाण्याने धुऊन मग 180 किंवा 240 चा पेपर.

इथे मी जरा थांबतो, कारण टिकाऊपणा ठरतो तो या पायरीवर. पांढऱ्या दोऱ्याच्या एका टोकाला नखाने खरवडून बघा. वर भुकटी निघते, तिच्याखाली राखाडी डाग दिसतो, आणि त्या डागात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात. त्या खड्ड्यांच्या तळाशी अजून पांढरं असतं. बहुतेक लोक डाग गुळगुळीत लागला की प्रायमर मारतात. तळाचं ते पांढरं ओलावा धरून ठेवतं आणि नव्या रंगाखाली वर्षभरात पुन्हा दोरे सुटतात. तळ चकचकीत धातूचा दिसेपर्यंत जा. खड्डा पेपरने पोचत नसेल तर ड्रिलला लावायचा छोटा नायलॉन ब्रश वापरा. भिंगातून एकदा बघून घ्या. चार चाकांत अर्धा दिवस इथे गेला तरी चालेल.

फुटपाथचे ओरखडे आधी कानसीने उंचवटा मोडून मग पेपरने सपाट करा. राहिलेला खळगा ॲल्युमिनियम भरलेल्या इपॉक्सी पुट्टीने भरा. पण फक्त बाहेरच्या कडेवर आणि उथळ. टायर टेकतो त्या गादीवर किंवा मोठा तुकडा उडालाय तिथे पुट्टीने भागवायचं नाही.

शेवटी 320 ने सगळीकडे एकसारखा हात फिरवा, थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा आणि त्यानंतर उघड्या हाताने चाकाला शिवू नका. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच धरायला लागतं, म्हणून त्याच दिवशी प्रायमर मारायचा. साधा लोखंडाचा रेडऑक्साइड ॲल्युमिनियमला नीट धरत नाही. एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा, किंवा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा इपॉक्सी प्रायमर घ्या. रंगाच्या दुकानात ‘ॲल्युमिनियमसाठी’ म्हणून मागा आणि वरचा रंग त्याला चालतो का विचारून घ्या. प्रायमर वाळल्यावर 600 ने हलका हात, मग चंदेरी बेसचे दोन-तीन पातळ हात, मग हार्डनरवालं टू-के क्लिअर, दोन हात. जाड एक हात मारला तर ओघळतो, पातळ मारले तर वेळ लागतो पण बसतो. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला घातक आहे. कापडी मास्क किंवा रुमाल चालत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क हवा, आणि अंगणात वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. हा मास्क नसेल तर प्रायमरपर्यंतचं काम घरी करा आणि क्लिअर पेंटरकडून मारून घ्या. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. मेहनतीचा सगळा भाग तुमचाच झालेला असतो.

वेळ दिवाळीनंतर ते होळीपर्यंतची निवडा. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, आणि एप्रिल-मेच्या दुपारी रंग चाकावर पोचायच्या आत सुकतो व खरखरीत बसतो. रंग मारल्यावर एक दिवस हात लावू नका, टायर चढवायला तीन-चार दिवस थांबा. घाई केली तर टायरवाल्याच्या मशीनचा जबडा नव्या रंगात रुततो. पुरतं कडक व्हायला आठवडा तरी जातो, तोवर शाम्पू नको.

टायर चढवताना वजनं चिकटवायची घ्या, ठोकायची नाहीत. ठोकलेल्या वजनाची क्लिप कडेचा रंग फोडते आणि तुमचा नवा दोरा तिथूनच सुरू होतो. चाक बसवण्याआधी हबचा गंज ब्रशने साफ करून मधल्या गोल उंचवट्यावर ग्रीसचं बोट फिरवा, म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना धरून बसणार नाहीत. ग्रीस फक्त तिथे. नटाच्या आट्यांना नाही, आणि ब्रेक डिस्कला तर नाहीच.

कोकणातून आलात की दुसऱ्या दिवशी चाकं नुसत्या गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर लगेच पुसा, वाळलेले पांढरे ठिपके नंतर घासून काढावे लागतात.

नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात बघून टॉर्क पान्यानेच आवळा. टायरवाल्याच्या हवेच्या गनवर सोडू नका. नटाच्या खड्ड्यात चुकून रंग गेला असेल तर तो आधी खरवडून काढा, कारण रंगाचा थर दबला की नट ढिला होतो. कराडहून साताऱ्याला एकदा जाऊन या, एका बाजूचं साधारण पन्नास किलोमीटर होतं, आणि घरी आल्यावर चाकं गार झाली की चारही चाकांचे नट पान्याने पुन्हा एकदा तपासा.